फलटणचा फ

मौखिकी म्हणजे काय, हे मला माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. "लगीन न्हाई, बारसं न्हाई, मग पेढे कशाचे गं आणतीस सारखे?" असं त्या विचारायच्या. मी सांगायचे की कुणीतरी पाच-सहा वर्षं खपून मोठा प्रबंध लिहितं. मग एक दिवस बाहेरगावचे परीक्षक येतात. तो माणूस सगळ्यांसमोर उभा राहून आपण काय शोधलं ते सांगतो, कुणीही उठून त्याला प्रश्न विचारावा, आणि त्यातून तरला तर तो डॉक्टर. "म्हंजी दवाखाना काढनार?" "नाही." "मग?" या 'मग'पाशी आमचं बोलणं थांबायचं.

साताऱ्याकडच्या एका विद्यापीठाच्या मराठी विभागात मी लिपिक म्हणून लागले आणि वरिष्ठ लिपिक म्हणून नुकतीच निवृत्त झाले. मधल्या बढत्या-बदल्यांची जंत्री देत नाही, ती माझ्या सेवापुस्तकात आहे आणि तिथंही कुणी वाचत नाही. विभागात होणारी सगळी जाहीर भाषणं आणि मौखिक्या माझ्याकडं असायच्या. परीक्षकांना पत्र, त्यांची राहायची सोय, माइक, पाण्याचा तांब्या, शाल-श्रीफळ आणि दाराजवळ बसून हजेरीचा कागद फिरवणं ही माझी कामं. सूचनाफलकावरच्या कागदाच्या तळाशी मी दरवेळी एक ओळ टाइप करायचे, 'जिज्ञासूंनी उपस्थित राहावे.' जिज्ञासू फारसे यायचे नाहीत. यायचे ते उमेदवाराचे नातेवाईक, जीप भरून. आई नव्या साडीत पहिल्या रांगेत, मामा पेढ्यांचे खोके मांडीवर घेऊन, आणि आपला माणूस काय बोलतोय ते न कळता सगळे कौतुकानं बघत बसलेले.

मलाही आधी काही कळत नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी दाराशी बसले होते आणि एक मध्यमवयीन बाई ओवीतल्या 'गं' या अक्षरावर बोलत होत्या. नुसत्या 'गं'वर. मला हसू आलं. सरकार यासाठी खुर्च्या पुरवतं? पण त्या सांगत गेल्या की जात्यावर बसलेली बाई एकटी असते, ऐकायला कुणी नसतं, तरी ती 'गं' म्हणते, म्हणजे तिनं समोर कुणीतरी मानलेलं आहे. ते कोण, याचा शोध त्यांनी सहा वर्षं घेतला होता. मी हजेरीचा कागद फिरवायचाच विसरले. घरी जाताना एसटीत शेजारची बाई "सरका गं जरा" म्हणाली आणि माझ्या अंगावर काटा आला. तेव्हापासून त्या सभागृहात शिरताना मी चप्पल दाराबाहेर काढायला लागले. लोकांना वाटायचं, बाईंचे पाय दुखतात.

गमतीही पुष्कळ झाल्या. एकदा पुण्याहून येणारे परीक्षक गाडीत झोपी गेले आणि त्यांना जाग आली थेट पेठनाक्यावर. सातारा कधीच मागं पडलेला. ते परत येईपर्यंत उमेदवाराच्या पन्नास नातेवाइकांचं करायचं काय? उमेदवार तासगावकडचे शिक्षक. मी त्यांना म्हटलं, "सर, नाहीतरी बसलेच आहेत, तर यांनाच सांगा की तुम्ही काय लिहिलंय." ते लाजत उभे राहिले आणि तमाशातल्या बतावणीवरचा आपला सगळा प्रबंध त्यांनी घरच्या भाषेत सांगितला. परीक्षक घामाघूम होऊन आले तेव्हा मंडळी इतकी तयार झाली होती, की पहिल्याच प्रश्नाला उमेदवाराआधी त्यांचे चुलते बोलले, "आवं, त्ये सांगितलंय की त्यानं मगाशी!" परीक्षकांनी चुलत्यांचं उत्तर ग्राह्य धरलं.

आमच्याकडं एक कायमचे जिज्ञासू मात्र होते. फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार, विद्यापीठाजवळच राहायचे. फलकावर कागद लागला की इस्त्रीचा सदरा घालून हजर. शेवटच्या रांगेतून उठून प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायचे, "ह्याचा उपयोग काय?" भल्याभल्यांची त्यानं बोबडी वळली आहे. उमेदवार मला आधीच विचारायचे, "सुभेदार येणार आहेत का हो?"

माझी स्वतःची एक ख्याती होती, शुद्धलेखनाची. विभागातून बाहेर जाणारं पत्र माझ्या नजरेखालून गेलं की त्यात वेलांटी चुकलेली सापडायची नाही. प्राध्यापकसुद्धा हळूच लेख आणून द्यायचे, "कदमबाई, जरा हात फिरवा." मी हात फिरवायचे आणि मनातून फुलून जायचे. ज्या सभागृहात मी कधी तोंड उघडलं नाही, तिथल्या भाषणांमध्ये माझाही एखादा ऱ्हस्व-दीर्घ आहे, याचा मला अभिमान होता.

या अभिमानानं काय केलं, ते आता सांगते.

रेश्मा मुलाणी कोरेगावची. शाळेत शिकवत होती, सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून खटाव तालुक्यातली गावं धुंडाळायची आणि म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या मोबाइलमध्ये भरून आणायची. तिचा विषय होता ओव्यांतला बाजार. कोणत्या गावची बाई कोणत्या बाजाराचं नाव घेते, त्यावरून पूर्वी माणसं कुठवर जात-येत होती, हे ती शोधत होती. पोरगी गुणी. मला ताई म्हणायची आणि दर खेपेला एखादी नवी ओवी ऐकवून जायची. तिच्या घरी संगणक नव्हता, म्हणून तिचा प्रबंध मी माझ्या घरी टाइप करून देते म्हणाले. विभागातल्या लिपिकानं उमेदवाराचा प्रबंध टाइप करावा का, हे नियमात विचाराल तर उत्तर अवघड आहे. मी विचारलंच नाही.

पहिल्यांदा तिनं ओव्यांचं प्रकरण आणून दिलं, हातानं लिहिलेलं. त्यात वडूजच्या पलीकडच्या एका गावातल्या हौसाबाईंची ही ओवी होती:

पलटणीच्या वाटंला गं, धुरळा किती उडं
बंधू गेला माझा, माझं ध्यान तिकडं

मी थांबले. पलटण? प्रबंध बाजाराचा, आणि त्यात पलटण कुठून? उघडच आहे, रेश्माच्या हातून घाईत फ चा आकडा राहिलाय. शिवाय माझं माहेर फलटणजवळचं. आमच्याकडं म्हाताऱ्या बायका 'फलटणीला जाते' असंच म्हणायच्या. माहेरचं नाव ओवीत आलं याचा मला कोण आनंद झाला! मी 'फलटणीच्या' असं टाइप केलं आणि पुढं गेले. विचारलं नाही, खूण केली नाही. शुद्धलेखनाच्या शंभर चुका मी अशाच गुपचूप सुधारत आले होते.

पुढची प्रकरणं रेश्मानं त्या छापील पानांवरून लिहिली. वाचून तिला वाटलं, आपण वहीत चुकीचं लिहिलं होतं, ताईंनी बरोबर केलं. तिनं एक नकाशा काढला. गावांचे ठिपके, तिथून बाजारांकडं जाणाऱ्या रेघा. वडूज, कोरेगाव, आणि सगळ्यांत लांब रेघ फलटणची. कोरडवाहू मुलखातली माणसं इतक्या लांब बाजाराला जात होती, हा तिचा मोठा शोध ठरला. निम्मा निष्कर्ष त्या एका रेघेवर उभा होता. बाहेरच्या परीक्षकांनी आपल्या अहवालात नेमकं त्याच शोधाचं कौतुक केलं.

मौखिकीच्या दिवशी सभागृह कधी नव्हे ते भरलं. रेश्माची अम्मी पहिल्या रांगेत. ज्या बायकांच्या ओव्या घेतल्या त्या सगळ्यांना रेश्मानं आवतण दिलं होतं, पण आल्या एकट्या हौसाबाई. रेश्माच्या भावानं त्यांना गाडीतून आणलं. ऐंशीच्या पुढच्या, हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. मी त्यांना माझ्याजवळच्या खुर्चीवर बसवलं. हजेरीच्या कागदावर त्यांनी अंगठा दिला आणि तो कागद मी अजून ठेवलेला आहे.

रेश्मा छान बोलली. नकाशा पडद्यावर आला, परीक्षक मान डोलावत होते. मग ठरल्याप्रमाणं सुभेदार उठले. "म्याडम, ह्याचा उपयोग काय?"

रेश्मा हसली. तयारीच होती तिची. "सुभेदारसाहेब, जुन्या वाटा कागदावर कुठंच राहिल्या नाहीत. त्या बायकांच्या तोंडी राहिल्या. आता हीच ओवी बघा," म्हणून तिनं ती म्हणून दाखवली, 'फलटणीच्या वाटंला गं'.

"आवं, थांबा की जरा." माझ्या शेजारून आवाज आला. हौसाबाई खुर्चीचा दांडा धरून उभ्या राहत होत्या. "पोरी, तू लय ग्वाड बोललीस. पर गाव चुकलंय. फलटण न्हाई त्ये. पलटण."

सभागृहात कुणीतरी हसलं.

"माझा भाऊ फलटणला कवा गेलाच न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यो पलटणीत गेला. रजेवर आला हुता. जाताना वडूजच्या यष्टीत बसला, यष्टीचा धुरळा उडाला, त्यो धुरळा म्या बगितला. त्याच्या पल्याड काय बी बगितलं न्हाई. बाजाराला गेला आसता तर सांजंला आला आसता की."

आता कुणी हसत नव्हतं. सुभेदार अजून उभेच होते. त्यांनी एकदम वेगळ्याच आवाजात विचारलं, "कंची पलटण, आक्का?"

"आमाला काय ठावं, दादा? पत्रं चावडीत वाचायचे. मग कागुद आला, सापडत न्हाई म्हनून. सापडत न्हाई म्हंजी मेला बी न्हाई आन जिता बी न्हाई. गावात खांब हाय, लढाईत गेल्याल्यांची नावं हायत त्याच्यावर. त्याचं न्हाई. मेल्याचा पुरावा न्हाई म्हनं. म्हनून म्या ही ववी बांधली. त्याचं येवढंच हाय."

ही ओवी प्रबंधात 'पारंपरिक' म्हणून गेली होती. ती बांधणारी बाई माझ्या शेजारी उभी होती, आणि मी तिला मघाशी फक्त पाणी हवं का विचारलं होतं.

परीक्षकांनी चष्मा काढला. "मूळ ध्वनिमुद्रण आहे?" रेश्मानं मोबाइल माइकपाशी धरला. आधी कुठल्यातरी विहिरीवरच्या मोटरीचा आवाज, मग हौसाबाईंचा. पलटणीच्या. ओठ मिटून निघालेला स्पष्ट प. सगळ्या सभागृहानं ऐकला.

परीक्षक म्हणाले, "मुलाणी, तुमचा नकाशा आता कशावर उभा आहे?"

रेश्माचा चेहरा पांढरा पडला होता. अम्मी पदराचं टोक पिळत होत्या, त्यांना एवढंच कळलं होतं की काहीतरी बिघडलं. सहा वर्षं ती पोरगी उन्हातान्हात हिंडली होती आणि ते सगळं त्या क्षणी हातचं जाणार होतं. ती म्हणाली, "चूक माझी आहे सर. नकाशा मी काढला." माझ्याकडं तिनं वळूनही बघितलं नाही. तिला पुरतं ठाऊक होतं, वहीत काय लिहिलं होतं ते आता आठवलं होतं, तरी नाही बघितलं.

माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. खुलासा मागवला जाईल, सेवापुस्तकात शेरा येईल, हे सगळं डोक्यात येऊन गेलं. खरं सांगते, मी क्षणभर तशीच बसून राहिले. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते. मग उठले. इतक्या वर्षांत त्या सभागृहात मी पहिल्यांदा बोलत होते.

"सर, तो फ माझा आहे."

"आपण कोण?"

"लिपिक. हजेरी घेते. प्रबंध मी टाइप केला. हिनं पलटणच लिहिलं होतं. मी तिला न विचारता सुधारलं."

विभागप्रमुख माझ्याकडं बघतच राहिले. परीक्षक म्हणाले, "टंकलेखन कुणीही करो, जबाबदारी उमेदवाराचीच असते." रेश्मा म्हणाली, "मान्य आहे सर." मी म्हणाले, "पण सर," आणि ते म्हणाले, "बाई, आपण बसा." असं आमचं तिघांचं चाललं असताना हौसाबाईंनी हातातली पिशवी खुर्चीवर आपटली.

"कुनाची चूक त्ये तुमी मागनं बगा, सायब. माझा भाऊ कुठं ठिवनार त्ये आदी सांगा. बाजारात ठिवलाय तुमी त्याला."

मी त्या सभागृहात मोठमोठी माणसं ऐकली. ज्यांचं एक वाक्य ऐकायला लोक लांबून यायचे, अशी. पण सगळं सभागृह असं जागच्या जागी थिजलेलं मी तेव्हाच पाहिलं. परीक्षक आपल्या खुर्चीतून उठले, मधल्या वाटेनं चालत आमच्यापाशी आले आणि त्यांनी हौसाबाईंना वाकून नमस्कार केला. म्हणाले, "मावशी, चूक आम्हा सगळ्यांची. मी दोनदा वाचलं हे, मलाही कळलं नाही. तिथून काढतो त्यांना."

निर्णय असा झाला, की लांबची रेघ नकाशातून काढायची, तिच्यावरचा निष्कर्ष काढायचा, ओवीखाली रचणारीचं नाव घालायचं आणि खरी हकिगत टिपेत लिहायची. या अटीवर पदवीची शिफारस. रेश्माचा मोठा शोध गेला. पण परीक्षक जाताना तिला म्हणाले, "तुमच्या प्रबंधातली सगळ्यांत मोठी गोष्ट आज तुमच्या प्रबंधाबाहेरून आली. ती आत घ्या." सुभेदार तेवढ्यात निघून गेले होते, पेढाही न घेता. मला खुलासा मागितला गेला, मी तो दिला, शेराही आला. वाईट वाटलं, पण अन्याय झाला असं काही वाटलं नाही.

मला छळतं ते वेगळंच. इतक्या वर्षांत मी कुणाकुणाचे शब्द असे सुधारले असतील? कुठल्या बाईचं 'येळ' मी 'वेळ' केलं, कुणाच्या तोंडचा कुठला शब्द चुकीचा म्हणून पुसला? निवृत्तीआधी मी ग्रंथालयात जाऊन माझा हात फिरलेले प्रबंध उघडून बघितले. सगळे कसे स्वच्छ, निर्दोष. हस्तलिखितं केव्हाच रद्दीत गेलेली, आता काही कळायला मार्ग नाही. त्या कपाटांपुढं मी बराच वेळ उभी होते. आणि तरी सांगते, या धंद्याविषयीचं माझं नवल कमी झालेलं नाही, उलट वाढलंय. एका अक्षराचा आकडा इकडंतिकडं झाला तर एक माणूस हरवतो, आणि अशा अक्षरांची राखण करायला माणसं आयुष्य घालतात. सासूबाई असत्या तर त्यांच्या 'मग?'ला मी हे उत्तर दिलं असतं.

त्या दुपारी पेढे वाटून झाले, खुर्च्या उचलल्या गेल्या, तरी हौसाबाई जाईनात. "आदी लिवा, मग जाते," म्हणून त्या माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या. रेश्मा त्यांच्या शेजारी, रडून डोळे सुजलेले. मी फाइल उघडली, आधी तो फ पुसला आणि प केला.

"भावाचं नाव काय, मावशी?"

"घरात बापू म्हनायचो. शाळंत म्हादेव."

मी 'म्हादेव' टाइप केलं आणि तसंच राहू दिलं. रेश्मानं सांगितलेली टीप खाली लिहिली आणि मोठ्यानं वाचून दाखवली, "ही ओवी हौसाबाई यांनी स्वतः रचली आहे. त्यांचे थोरले बंधू म्हादेव हे पलटणीत गेले. ते परत आले नाहीत."

हौसाबाई जरा वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"तसं नगं," त्या म्हणाल्या. "'आजून' घाल त्यात."

मी रेश्माकडं बघितलं. ऐंशीच्या पुढची बहीण, आणि भाऊ तिच्याहून थोरला. संशोधनात हा शब्द कसा बसायचा? रेश्मानं मान हलवली, घाला. मी टाइप केलं आणि पुन्हा वाचलं, "ते आजून परत आले नाहीत."

"व्हय," हौसाबाई म्हणाल्या. "आता खरं लिवलंस."